'आशा म्हणजे पक्षी' एवढं लिहून थांबू नकोस

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी एम.ए. इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळा मराठी मीडियमची. एमिली डिकिन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवयित्रीच्या कवितेतली अलंकारिक भाषा यावर असाइनमेंट होतं. मी सहा कविता घेतल्या, तक्ता केला, उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती असे ३१ अलंकार शोधले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा पेन. मॅडमनी खाली एकच ओळ लिहिली, 'यात कविता कुठंय?' आणि परत लिहून आण म्हणाल्या. माझं काय चुकलं तेच कळत नाहीये. आशा म्हणजे पक्षी, मृत्यू म्हणजे गाडी घेऊन येणारा माणूस, हे बरोबरच आहे ना? त्यात ती घराबाहेर पडायची नाही, पांढरे कपडे घालायची, प्रेमभंग झाला होता म्हणे, मग हे सगळं तिनं कोडवर्डमध्ये लपवलंय का? मला ती आवडते पण समजत नाही. पेपर बदलू का?"
एक वाचक, लातूर जिल्हा

अगं, पेपर अजिबात बदलू नकोस. 'आवडते पण समजत नाही' हे तू शेवटी घाईत लिहून टाकलंयस पण मला तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली, कारण कवितेच्या बाबतीत आवडणं आधी येतं आणि समजणं मागनं रमतगमत येतं, उलटं झालेलं मी तरी फार कमी बघितलंय.

आता तक्त्याचं. तुझे ३१ अलंकार चुकलेत असं मला वाटत नाही, बहुतेक बरोबरच असतील. आपण शाळेत व्याकरणात शिकतो ना, उपमेय कुठलं, उपमान कुठलं, दोघांत सारखं काय, झालं, दोन मार्क. ती सवय हाताला बसते आणि त्या सवयीत आपल्या नकळत असं होतं की आपण पक्ष्याला परत 'आशा' करून टाकतो आणि पक्ष्याला सोडून देतो. शेंग फोडली, दाणा खाल्ला, टरफल टाकलं. एमिलीच्या कवितेत मात्र टाकून देण्यासारखं टरफल नसतंच गं, तिथं पक्षी हाच दाणा आहे. तुझ्या मॅडमना तेच म्हणायचं असणार.

लहानपणी घातलेलं कोडं आठवतंय का, 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया'? उत्तर चांदण्या आणि चंद्र. आता मला सांग, उत्तर कळल्यावर ते कोडं संपलं का? मला तर उत्तर कळल्यावरच खरी गंमत सुरू झाल्यासारखं वाटायचं, गच्चीवर अंथरूण टाकून पडलं की आभाळ सुपासारखं दिसायचं, आत्ता कुणीतरी ते पाखडेल आणि लाह्या इकडच्या तिकडे होतील असं वाटायचं. 'लाह्या = चांदण्या' हे तक्त्यात लिहिता येतं, पण ते पाखडणं तक्त्यात बसत नाही.

एमिलीनं अशी कोडी कितीतरी केलीत. हमिंगबर्डवर आहे, आगगाडीवर आहे (तिचे वडील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आपल्या गावी, अ‍ॅमहर्स्टला रेल्वे आणण्याच्या खटपटीत होते, १८५३ साली ती आली आणि तिच्या कवितेत ती गाडी मैलच्या मैल चाटत पीत सुटते आणि शेवटी आपल्या तबेल्याच्या दाराशी गुमान उभी राहते, 'रेल्वे' हा शब्द कुठंही नाही). आणि सापावरची कविता तर तू घेतलीच असशील, 'अ नॅरो फेलो इन द ग्रास', म्हणजे गवतातला एक सडपातळ गडी. त्यात साप हा शब्द शोधून दाखव. नाहीये. १८६६ साली ती स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात छापून आली, कवयित्रीचं नाव नाही, आणि वर मथळा काय दिला तर 'द स्नेक'. म्हणजे कोड्याच्या डोक्यावरच उत्तर लिहून टाकलं. शिवाय तिसऱ्या ओळीतल्या विरामचिन्हात ढवळाढवळ केली, आणि त्याबद्दल तिनं पत्रात नाराजी लिहून ठेवलीय. एका चिन्हासाठी एवढं वाईट वाटून घेणारी बाई प्रत्येक शब्द किती तोलून ठेवत असेल याचा विचार कर.

त्या कवितेत साप येतो कसा बघ. आधी तो दिसतच नाही, गवत दुभंगताना दिसतं, कंगवा फिरवल्यासारखं. तुझ्या तक्त्यात इथं 'उपमा' असणार. पण तू मराठीत विचार केलास तर एक शब्द आपोआप जिभेवर येईल, भांग. गवतात भांग पडतो. सकाळी आई डोक्याला तेल लावून कंगव्याच्या टोकानं सरळ रेघ ओढते तो भांग, इतकी घरातली, इतकी मायेची गोष्ट, आणि तो भांग पाडत तुझ्या पायाकडे जे येतंय ते काय आहे हे तुला अजून कळलेलं नाही. भीती तिथं आहे. मग पुढं उन्हात चाबकाची वादी पडलीय असं वाटून ती उचलायला वाकावं तर ती वळवळत निघून जाते. आणि शेवट त्या प्रसिद्ध शब्दांवर, 'झीरो अ‍ॅट द बोन'. आपण काय म्हणतो, अंगावर काटा आला. काटा कातडीवर येतो. तिचं शून्य थेट हाडाशी जाऊन बसतं, आणि तेही लक्षात घे की अमेरिकेत थर्मामीटर फॅरनहाइटचा, तिथलं शून्य म्हणजे आपल्या सेल्सियसमध्ये उणे १८च्या आसपास, पाणी गोठण्याच्याही बरंच खाली, मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात वाढलेल्या माणसाला ते अंगानं माहीत असतं. भीतीला तिनं 'भीती' म्हटलेलंच नाही, तापमान सांगितलंय. यात अलंकाराचं नाव काय हा प्रश्न मला खरंच फार पुढचा वाटतो.

आता तुझा पक्षी. 'होप इज द थिंग विथ फेदर्स'. पहिल्या ओळीत पक्षी आहे का? नाही! 'पिसं असलेली ती वस्तू' आहे, थिंग. काहीतरी आहे, पिसं आहेत त्याला, ते जिवात येऊन बसतं, शब्दांशिवाय नुसती चाल गातं आणि थांबतच नाही. पक्षी हा शब्द दुसऱ्या कडव्यात येतो, तोही वादळात. म्हणजे तू पहिल्याच ओळीवर 'रूपक, आशा = पक्षी' लिहिलंस तेव्हा तू तिच्या पुढं धावलीस, तिनं अजून सांगितलंच नव्हतं. तिला हळूहळू सांगायचंय, जसं अंधारात आधी फडफड ऐकू येते आणि मग कळतं की अरे पाखरू आहे.

मग त्या वादळाचं क्रियापद बघ. वादळ पक्ष्याला मारेल, पाडेल, उडवून नेईल असं काही तिनं लिहिलेलं नाही. तिचा शब्द आहे 'अबॅश', म्हणजे ओशाळवणं, खजील करणं. एवढ्या जणांना ऊब देणाऱ्या त्या चिमुकल्या जिवाला ओशाळं करायचं तर वादळ किती भयानक असावं लागेल, असं म्हणते ती. हा शब्द मला कळला त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कारण आशा मरते असं आपण सहज म्हणतो, पण खरं काय होतं, ती मरत नाही, चारचौघांत तिला लाज वाटायला लागते. नोकरीच्या इंटरव्ह्यूवरून तिसऱ्यांदा परत आलेल्या पोराला विचार, आशा आहे का, तो मान खाली घालेल. ते ओशाळणं आहे. तक्त्यात 'रूपक' एवढंच लिहिलं की हे सगळं निसटतं बघ.

तिसऱ्या कडव्यावर मी शेवटी येणारे, तोवर ते धरून ठेव.

मृत्यूची कविता. 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ'. मीही बरीच वर्षं 'मृत्यूचं मानवीकरण' एवढं म्हणून पुढं जायचे. मग एकदा ती मराठीत करायला बसले आणि पहिल्या दोन ओळींतच अडले. मला थांबायला सवड नव्हती, म्हणून तोच थांबला माझ्यासाठी, किती सौजन्यानं. छान वाटलं ना? पण यात एक गोष्ट हरवली. आपल्याकडे मृत्यू मुळातच पुल्लिंगी, 'मृत्यू थांबला' म्हटलं तरी तो 'तो'च असतो, त्यात कवीनं काही केलेलं नसतं. इंग्रजीत तसं नाही, तिथं नामाला लिंग चिकटलेलं नसतं, आणि म्हणून तिनं 'ही' (he, म्हणजे 'तो') म्हटलं तो एक निर्णय आहे, त्या एका छोट्या शब्दात दाराशी माणूस येऊन उभा राहिला. मराठी मीडियमच्या मुलींना हे दिसत नाही कारण आपल्याला ते फुकट मिळालंय. आणि आशेला मात्र तिनं 'इट' (it, म्हणजे 'ते') ठेवलंय, आपली आशा तर स्त्रीलिंगी, पक्षी पुल्लिंगी, मग गाणार कोण, ती का तो का ते? तू करून बघ, अडशील, आणि जिथं अडशील तिथं पेन्सिलनं खूण कर. त्या खुणा तुझ्या ३१ अलंकारांपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

आणि हा मृत्यू कसा आहे बघ. आपला यम रेड्यावर बसून पाश घेऊन येतो, त्यांच्याकडे सांगाडा आणि विळा. इथला मृत्यू सभ्य गृहस्थ आहे, घोडागाडी हळू चालवतो, त्याला घाई नाही, त्याच्या सौजन्यापुढं ती आपलं काम आणि आराम दोन्ही बाजूला ठेवते. गाडीत हे दोघं आणि तिसरं अमरत्व. शाळा लागते, सुट्टीत पोरं खेळतायत, मग पिकाची शेतं, मग मावळता सूर्य. आम्ही सूर्याला मागं टाकलं, म्हणते, आणि लगेच, का त्यानंच आम्हाला मागं टाकलं? तिथं थांब. आत्तापर्यंत गाडी पुढं जात होती, आता सूर्य पुढं गेला, म्हणजे या बाईचा वेळ थांबलाय. पुढच्याच ओळीत दव पडतं, थंडी वाजते, अंगावर पातळ कापड. आणि मग एक घर येतं, जमिनीला आलेल्या फुगवट्यासारखं, छप्पर कसंबसं दिसतंय. कबर हा शब्द नाही, कवितेत कुठंच नाही. वयाच्या नवव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत ती ज्या घरात राहिली ते गावच्या दफनभूमीला लागून होतं, अंत्ययात्रा खिडकीतून दिसायच्या, तेव्हा गाडी आणि थडगं या गोष्टी तिनं कुठून शोधून आणल्या हे विचारायची गरज नाही.

इथं एक प्रॅक्टिकल गोष्ट, आणि ही आजच तपास. तू कविता कुठून कॉपी केल्यास? तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९० साली, मेबल लूमिस टॉड आणि थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन (हा लेखक, एमिलीचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता) यांनी तिचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा त्यांनी कवितांना मथळे दिले, तिच्या ओळींत जागोजागी असलेले डॅश काढून टाकले, शब्द बदलले. या कवितेला 'द चॅरियट' (रथ) असं नाव दिलं आणि 'का त्यानंच आम्हाला मागं टाकलं' हे अख्खं कडवंच गाळलं. मला याचा आजही राग येतो. ते कडवं गेलं की गाडी आपली शाळेवरून शेतावरून सूर्यावरून थेट घराशी, कुठं थंडी नाही, कुठं शंका नाही, छान सहल झाली. १९५५ साली थॉमस जॉन्सननं सगळ्या कविता हस्तलिखितांवरून छापल्या तेव्हा तिचे डॅश आणि मध्येच येणारी कॅपिटल अक्षरं परत आली. नेटवर दोन्ही फिरतात. वर मथळा दिसला की सावध हो, तिनं मथळे जवळजवळ दिलेच नाहीत, अभ्यासक पहिल्या ओळीनं किंवा नंबरनं कविता ओळखतात.

आता तो कोडवर्डचा प्रश्न. पांढरे कपडे खरे, आणि १८६९ साली तिनं पत्रात लिहिलंय की मी वडिलांच्या जागेची हद्द ओलांडून कुठल्या घरी किंवा गावी जात नाही, तेही खरं. पण म्हणून ती जगापासून तुटलेली होती असं समजू नकोस, तिची हजारावर पत्रं आज आपल्याकडे आहेत, शेजारच्याच घरात राहणाऱ्या सुझन भावजयीला तिनं आयुष्यभर चिठ्ठ्या आणि कविता पाठवल्या, स्वयंपाकघरात पाव भाजायची, १८५६ साली गावच्या कृषी प्रदर्शनात तिच्या राय आणि मक्याच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. शाळेत असताना तिनं ४२४ रोपांचे नमुने दाबून वाळवून वहीत चिकटवले होते, बऱ्याच नमुन्यांखाली शास्त्रीय नाव. असं बारीक बघायला लागलेली मुलगी ती. प्रेमभंगावर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत, पण तिच्या कवितांतला प्रत्येक साप, माशी, बंदूक म्हणजे अमुक एक पुरुष असं धरलंस तर तू परत तोच तक्ता करतेयस, फक्त उजवीकडच्या रकान्यात 'आशा'च्या जागी एका माणसाचं नाव.

तिनं स्वतः १८६२ साली हिगिन्सनला लिहिलं होतं, कवितेत मी 'मी' म्हणते तेव्हा ती मी नसते, कल्पिलेली व्यक्ती असते. सापाच्या कवितेत बोलणारा तर सरळ म्हणतो की मी अनवाणी फिरणारा मुलगा होतो. आणि मला सांग, जिला लपवायचं असतं ती एकेका शब्दाला दोन दोन पर्याय काढून, शब्दापाशी अधिकची खूण करून, खाली ते पर्याय लिहून ठेवेल का? तिच्या हातानं शिवलेल्या कवितांच्या ४० वह्या तिच्या मृत्यूनंतर मिळाल्या तिच्या बहिणीला, लॅव्हिनियाला, आणि कितीतरी ठिकाणी हे पर्याय तसेच आहेत, निवड न करता. लपवणारी बाई इतकं शोधत बसत नाही. ती जे सांगू बघत होती त्याला सरळ शब्दच नव्हता, म्हणून कंगवा, म्हणून गाडी, म्हणून पिसं.

तर आता असं कर. तक्ता फाडू नकोस, कच्चं काम म्हणून ठेव. सहा कविता सोडून दे, एकच घे, मी म्हणेन पक्ष्याचीच घे, बारा ओळींची आहे. ती हातानं वहीत उतरव, डॅशसकट, टाइप नको, हातानंच, कारण डॅश काढताना हात थांबतो आणि तिथं आपण काय वाचलं ते जाणवतं. मग मोठ्यानं म्हण. चर्चमध्ये म्हणायच्या स्तोत्रांची लय आहे तिला, ठेका सापडेल. मग क्रियापदांखाली रेघ मार, नामांखाली नको, नामांचा तक्ता झालाय तुझा. बसते, गाते, थांबत नाही, ओशाळते, मागते. आणि मग प्रत्येक क्रियापदापाशी स्वतःला विचार की दुसरं कुठलं येऊ शकलं असतं आणि ते का नाही आलं. चार पानं यातनंच होतील. अलंकारांची नावं हवी तिथं घाल, मॅडमना नावांचं वावडं नसणार, पण नाव लिहून फुलस्टॉप देऊ नकोस, 'रूपक आहे' च्या पुढं 'आणि ते इथं असं असं करतं' हे वाक्य आलंच पाहिजे.

आणि मग मराठीत कर ती. माझं ऐक, कर. इंग्लिशच्या असाइनमेंटमध्ये मराठी भाषांतर कशाला असं वाटेल, मॅडमना दाखवू नकोस हवं तर, पण स्वतःसाठी कर. आता ते तिसरं कडवं. ती म्हणते, अतिशय थंड मुलखात आणि अतिशय अनोळखी समुद्रावर मी त्याला ऐकलंय, पण कितीही टोकाची वेळ आली तरी त्यानं माझ्याकडे कधी एक 'क्रम' (crumb) मागितला नाही. क्रम म्हणजे पाव कापताना खाली पडतो तो चुरा. वादळ, समुद्र, आत्मा एवढ्या सगळ्या मोठ्या गोष्टींनंतर कविता पावाच्या चुऱ्यावर येऊन टेकते, आणि लिहिणारी रोज स्वतःच्या हातानं पाव भाजणारी, तिला तो चुरा टेबलावर कुठं सांडतो आणि खिडकीत टाकला की कोण टिपायला येतं हे पक्कं माहीत.

मी त्या एका शब्दावर अजून अडलेय. 'कण' म्हटलं तर कोरडं वाटतं, विज्ञानाच्या पुस्तकातलं. 'चुरा' बरोबर आहे पण आपण चिमणीला पावाचा चुरा कुठं घालतो, आपण तांदूळ टाकतो, शितं टाकतो. 'शीत' फार जवळ येतं, एक शीतही मागितलं नाही, पण मग ती बाई अ‍ॅमहर्स्टच्या ओट्यावरून उठून आपल्या चुलीपाशी येऊन बसते. आणि 'घास' म्हटलं की लगेच हा घास काऊचा हा घास चिऊचा आठवतं, पक्षी आणि घास आपल्या कानात आधीपासून एकत्र आहेत, म्हणून मोह होतो, पण घास मोठा आहे, घास कुणीतरी भरवतं, आणि तिचा तो तुकडा तर असाच, पडलेला. तू काय घेशील ते ठरव, दोन दिवस लागले तरी चालतील, आणि ठरलं की का घेतलंस ते लिही, असाइनमेंटची सुरुवात तिथूनच कर.